कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये मोठ्यानं हसावं का?

पत्र: जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, धुळ्यातल्या एका कॉलनीत राहणाऱ्या ६१ वर्षांच्या शिक्षिका लिहितात, की मुलीच्या बाळंतपणासाठी त्या चार महिने पुण्याला होत्या. तिथे जवळच्या बागेतल्या हास्यक्लबात जाऊ लागल्या. झोप सुधारली, गुडघ्यांचं दुखणं जाणवेनासं झालं, बीपीही आटोक्यात आलं. मग त्यांनी हास्ययोगाचं, म्हणजे हसण्याचे आणि श्वासाचे व्यायाम घेण्याचं, दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. आता कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये वर्ग सुरू करायचा आहे. पण एसटीतून निवृत्त झालेले पती म्हणतात, "बाईमाणसानं सकाळी सकाळी ठो ठो हसायचं? लोके काय म्हनतीन?" जाऊबाईंचा तरुण मुलगा गेल्या वर्षी अपघातात गेला. त्या शेजारच्याच गल्लीत राहतात, तेव्हा आपण हसणं शोभतं का, ही बोचणी आहे. आपल्याला विनोद सांगता येत नाहीत, मग शिकवणार काय, ही शंका आहे. पुढच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणासाठी एफडी मोडावी का, वर्गाची फी घ्यावी का, असंही त्या विचारतात. बीपीची गोळी सध्या त्या एक दिवसाआड घेतात, "कारण आता गरज वाटत नाही." आणि शेवटची ओळ: "लिहायला लाज वाटते, पण जोरात हसलं की लघवीचे थेंब जातात. अशा बाईनं पुढे उभं राहावं का?"

उत्तर:

ताई, सुरुवात गोळीपासून करू. तुमच्या पत्रातल्या बाकी गोष्टी महिना-दोन महिने थांबतील, ही थांबणार नाही. डॉक्टरांनी लिहून दिली आहे तशी गोळी रोज घ्यायला लागा. आज-उद्याच त्यांच्याकडे जाऊन बीपी मोजून घ्या आणि मधल्या काळात गोळ्या चुकवल्या, हे न लपवता सांगा. पुण्यात आकडा चांगला आला, तेव्हा तुम्ही रोज गोळी घेत होतात. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही, त्यामुळे "मला बरं वाटतंय" हा काही त्याचा पुरावा नाही. चालण्यानं, झोपेनं, हसण्यानं त्याला हातभार लागला असेल, तर ते मोजल्यावर दिसेल आणि डोस कमी करायचा का, ते डॉक्टर ठरवतील. घरी परतल्यावर पापड, बिबड्या, शेव, लोणचं हेही ताटात परत आलं असेल, तर तेही त्यांना सांगा.

हे इतकं ठासून लिहिते आहे, कारण उद्या तुम्ही दहा बायांच्या पुढे उभ्या राहणार आहात. बाईंनी गोळी सोडली आणि बाई ठणठणीत आहेत, हे त्यांना कळलं की त्यातल्या दोघी-तिघी तरी आपापली गोळी सोडतील.

आता तुमच्या मूळ म्हणण्याकडे येते. "हसण्यानं मी बरी झाले" हे वाक्य तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा येतं. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण पुण्यातल्या त्या सकाळी जरा उलगडून बघा. बाळंतिणीचं, बाळाचं, स्वयंपाकाचं बघून तुम्ही घराबाहेर पडत होतात. बागेपर्यंत पायी जात होतात. तिथे रोज तीच माणसं भेटत होती. ताप आला म्हणून दोन दिवस गेला नाहीत, तर तिघीजणी चौकशीला घरी आल्या, हे तुम्हीच लिहिलंय. आणि त्या तासाभरात तुमच्याकडे कुणी काही मागत नव्हतं. धुळ्याला आल्यावर मात्र तुम्ही दार लावून आरशासमोर एकट्या हसून पाहिलंत, आणि "काही वाटलं नाही, उलट रडूच आलं." माझ्या मते पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हे आहे.

रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं माणसं कधी आणि कशाला हसतात, याच्या नोंदी वर्षानुवर्षं केल्या. एकटं असताना आपण जितकं हसतो, त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो, असं त्याला आढळलं. शिवाय त्या हसण्यातलं फार थोडं विनोदावर होतं. बाकीचं "बरं, येते मग" किंवा "कुठे होतास इतके दिवस?" असल्या साध्या बोलण्यावर होतं. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत खळखळून हसलेल्या माणसांची वेदना सोसायची ताकद हसण्याआधीपेक्षा वाढलेली दिसली. मेंदूत पाझरणारी एंडॉर्फिन नावाची द्रव्यं त्यामागे असावीत, असा त्यांचा अंदाज आहे. तुमच्या गुडघ्यांचं असंच काहीसं झालं असेल. झीज होती तेवढीच राहिली, तिची जाणीव कमी झाली. रोजच्या चालण्यानं मांडीचे स्नायूही बळकट झाले असतील. म्हणजे तुम्हाला बरं वाटलं ते हसण्यानं, चालण्यानं आणि त्या माणसांमुळे. यातलं कुठलं किती, हे वेगळं काढता येत नाही आणि काढायची गरजही नाही. वर्ग सुरू करताना तिन्ही गोष्टी सोबत घ्या, एवढंच मी म्हणेन.

हसताना अंगात काय होतं, ते सोप्या शब्दांत सांगता येण्यासारखं आहे, म्हणून तुमच्या उपयोगासाठी लिहून देते. छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा आणि पोटाचे स्नायू जोरानं काम करतात, श्वास एरवीपेक्षा लांब बाहेर जातो, नाडी थोडा वेळ वाढते आणि हसणं थांबल्यावर अंग सैल पडतं. मन हलकं होणं, ताण कमी वाटणं, वयस्कर माणसांची झोप सुधारणं याबाबत आजवरच्या अभ्यासांतून आशा वाटावी असं बरंच दिसलं आहे. पण ते अभ्यास बहुतेक लहान गटांवर आणि थोड्या आठवड्यांसाठी झालेले आहेत. साखर उतरते, गाठी विरघळतात, हृदयातले ब्लॉकेज उघडतात, असलं काहीही सिद्ध झालेलं नाही. तुमच्या प्रशिक्षणात नॉर्मन कझिन्स यांची गोष्ट सांगितली असेल. हे अमेरिकन संपादक मणक्याच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले होते. दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असा त्यांचा अनुभव होता आणि १९७६ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी तो लिहिला. गोष्ट खरी आहे, पण ती एका माणसाची आहे, आणि त्यांच्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली इतर उपचारही चालू होते. वर्गात ती सांगायची तर सगळी सांगा.

"मला विनोद सांगता येत नाहीत." ताई, हास्ययोग जन्माला आला तोच मुळी विनोद संपल्यामुळे. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पहिला गट जमवला, तेव्हा माणसं होती पाच. रोज कुणी तरी उभं राहून विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं, असं चाललं. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले, मग अचकट-विचकट आणि कुणाला तरी टोचणारे सुरू झाले, तेव्हा काहीजणी गट सोडून जायला निघाल्या. त्या अडचणीतून डॉक्टरांनी ठरवलं, की विनोदच नको, नुसतं हसायचा व्यायाम करायचा. त्यांच्या पत्नी माधुरी योग शिकवत, त्यामुळे हसण्याच्या मधे प्राणायामासारखे दीर्घ श्वास आले. हास्यात 'योग' आला तो असा. तेव्हा विनोद न येणारी शिक्षिका ही या कामाला अडचण नाही. उलट विनोद सांगायची हौस असलेल्या माणसाला आवरावं लागतं, कारण तो सगळ्यांना प्रेक्षक करून टाकतो.

"पण ते खोटं हसणं वाटतं," असं तुम्हाला कुणी तरी म्हणालं आहे. पहिली दोन-तीन मिनिटं ते खोटंच असतं, आणि तसं सांगून टाकायला हरकत नाही. "शरीराला खरं हसू आणि खोटं हसू यांतला फरक कळत नाही" हे वाक्य हास्ययोगात फार ऐकू येतं. मला ते गरजेपेक्षा ठाम वाटतं, तुम्ही ते म्हणू नका. एवढंच म्हणा, की आधी आवाज काढू, समोरचीच्या डोळ्यांत बघू, मग काय होतं ते बघू. डोळ्यांत बघणं हे यातलं खरं कौशल्य आहे. खाली मान घालून 'हा हा' करणारी बाई दहा दिवसांत कंटाळून यायची थांबते. शेजारणीकडे बघणारीला मात्र दुसऱ्या मिनिटाला खरंच फुटतं.

आणि तुम्ही शिकवणार काय? पस्तीस वर्षं पहिली-दुसरीची पोरं सांभाळली तुम्ही. बाकाखाली लपलेल्या पोराला बडबडगीतात हातवारे करायला लावणं, रडणारं मूल रडत असतानाच वर्गात सामावून घेणं, एकाच वेळी चाळीस जणांवर नजर ठेवणं, यापेक्षा वेगळं काही हास्ययोगाच्या प्रशिक्षकाला लागत नाही. टाळ्यांच्या ठेक्यावर 'हो हो, हा हा हा', मग दोन-तीन लांब श्वास, मग लहान मुलांसारखे हात वर करून आरोळी, मग हसण्याचा एखादा प्रकार, पुन्हा श्वास, हा क्रम तुम्हाला येतोच. एक प्रकार अर्ध्या-पाऊण मिनिटापेक्षा लांबवू नका, आणि सगळं मिळून पंचवीस मिनिटांत आटपा. शेवटी पाच मिनिटं डोळे मिटून शांत बसणं मात्र कधीही गाळू नका. घाई झाली की लोक तेच गाळतात.

प्रकार मात्र आपल्याकडचे करा. नमस्ते हास्य, सिंहमुद्रा, मोबाईल हास्य हे पुण्याहून आणलेले ठीक आहेत, पण मिल्कशेक हास्य धुळ्याच्या मावशींना कशाला? लाकडी मुसळीनं भरीत ठेचायचं हास्य करा, त्यात खांदे छान फिरतात. पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झुलवत मोठा करत नेऊन खापरावर टाकायचा, हसू बारीक सुरू करून मांड्याबरोबर मोठं करत न्यायचं. आणि 'नळ आला'! कितीतरी दिवसांनी नळाला पाणी आल्यावर हंडे-बादल्या घेऊन जी पळापळ होते, ती नुसती नाटक म्हणून केली तरी हसू आवरणार नाही, कारण त्या धावपळीत आपण एरवी एकमेकींवर चिडतो. अहिराणीत बोला. शुद्ध भाषेत हसायला लावलं की बाया शाळेतल्यासारख्या ताठ उभ्या राहतात.

एफडी मोडू नका. दोन दिवसांचं प्रशिक्षण गट चालवणाऱ्यासाठी असतं, पाच दिवसांचं हे असे चालक तयार करणाऱ्या शिक्षकासाठी. तुम्हाला आत्ता गट चालवायचा आहे आणि तेवढं तुमच्याकडे आहे. वर्षभर गट टिकला, आजूबाजूच्या कॉलन्यांतून "आम्हालाही शिकवा" असं येऊ लागलं, तर तेव्हा विचार करा, आणि तेव्हाही साठवलेल्या पैशाला हात न लावता. फी नको. हास्यक्लब पहिल्यापासून फुकट चालत आले आहेत आणि त्यामागे शहाणपण आहे. पैसे घेतले की बाई 'गिऱ्हाईक' होते, आणि ताप आलेल्या गिऱ्हाइकाच्या घरी चौकशीला कुणी जात नाही. एखाद्या कंपनीनं, शाळेनं कार्यक्रमाला बोलावलं, तर मानधन जरूर घ्या, त्यात संकोच नको. कॉलनीत मात्र सतरंजी आणि पाण्याचा जार यांच्यापुरती वर्गणी पुरे.

आता ती लाजत लिहिलेली ओळ. ती तुम्ही लिहिलीत, म्हणून हे उत्तर वाचणाऱ्या कितीतरी जणींचं काम होणार आहे. हसताना, खोकताना, शिंकताना थेंब जाणं हे बाळंतपणांनंतर आणि पाळी गेल्यानंतर फार बायांना होतं. मूत्राशयाला खालून आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्यामुळे ते होतं. हे वय झाल्याचं लक्षण म्हणून मुकाट सोसायची गरज नाही. लघवी रोखताना जे स्नायू आपण आवळतो, ते आवळून पाचपर्यंत मोजायचं, मग तेवढाच वेळ सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास धरायचा नाही. आणि प्रत्यक्ष लघवी करताना मधेच थांबवून हा व्यायाम करायचा नाही. फरक पडायला तीनेक महिने लागतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यात सोडून देऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. जळजळ होत असेल, रक्त दिसत असेल किंवा खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल, तर लगेच दाखवा. तोवर वर्गाआधी लघवीला जाऊन या, पॅड लावा आणि पोटाला झटका बसेल असं हसू टाळून मोकळ्या तोंडानं, हलक्या श्वासाचं हसा. पुढे उभं राहायला अशीच बाई हवी. पहिल्याच आठवड्यात बायाबायांत ही गोष्ट तुम्ही उघड बोललात, तर मागच्या रांगेतल्या ज्या दोघी तोंडावर पदर धरून नुसत्या पुटपुटत असतात, त्या का पुटपुटतात ते तुम्हाला कळेल.

येणाऱ्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला आधी विचारायची एक सवय लावून घ्या. हर्निया आहे का, गेल्या तीन महिन्यांत पोटाचं, हृदयाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालंय का, छातीत दुखतं का, बीपी गोळीनंही आवरत नाही का, फिट येतात का, काचबिंदू आहे का, मूळव्याधीतून रक्त जातं का, कंबर धरली आहे का, दिवस गेले आहेत का? यातलं काही असेल, तर डॉक्टरांना विचारून यायचं, तोवर बाजूला बसून श्वासाचे प्रकार करायचे. खोकला-सर्दी असेल त्यानं घरी राहायचं, कारण आपण एकमेकांच्या तोंडावर हसतो. चक्कर आली तर खाली बसायचं. धुळ्याच्या उन्हाळ्यात मार्चनंतर सहाला सुरू करून साडेसहाच्या आत संपवा. मेच्या पहिल्या रविवारी जागतिक हास्यदिन असतो, तो साजरा करायची हौस तुम्हाला होणारच. तेव्हा आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, म्हणून मिरवणूक वगैरे काढायची ती कोवळ्या उन्हातच.

तुमच्या मिस्टरांबद्दल. "लोके काय म्हनतीन" हे ऐकतच आपण सगळ्याजणी वाढलो आहोत. पण मी तुमचं पत्र त्या नजरेनं पुन्हा वाचलं, तर लोकांपैकी कुणी काही म्हटल्याचं त्यात कुठेच नाही. बोललेत ते एकटे. आणि त्यांची अडचण लोकांचीच आहे का? चार महिने ते घरी एकटे राहिले, डबा लावून जेवले, हे तुम्ही ओघात लिहून गेला आहात. तुम्ही परत आलात आणि आल्या आल्या सकाळची वेळ बाहेरच्यांना देऊ म्हणता. मी त्यांची बाजू घेत नाही. पण जो वाद हसण्यावरून चालला आहे असं तुम्हाला वाटतंय, तो सकाळच्या चहावरून असेल, तर तो चहावरच मिटेल. विचारून बघा: "तुम्हाला नेमकं काय खटकतं?" उत्तराला वेळ द्या. त्यांनी क्लबात यावंच असा हट्ट धरू नका. ओपन स्पेसमधल्या मंदिराच्या कट्ट्यावर त्यांच्या वयाची दोन-चार मंडळी सकाळी बसत असतील, तर तुमचा वर्ग आणि त्यांच्या गप्पा एकाच वेळी होऊ शकतात, आणि चहा दोघांनी मिळून नंतर घ्यायचा. एवढं करूनही ते "नाहीच" म्हणाले, तर शांतपणे सांगून वर्ग सुरू करा. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईनं सकाळचा अर्धा तास स्वतःसाठी ठेवायला परवानगी मागू नये, नुसतं कळवावं.

आणि बाईनं उघड्यावर मोठ्यानं हसायचं नसतं, हे खान्देशात कुणी म्हणावं, याचं मला खरंच नवल वाटतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर उभं राहून गाणी म्हणणाऱ्या, एकमेकींच्या सासरची नक्कल करणाऱ्या माहेरवाशिणी कुणाच्या? श्रावणात कानबाई देवीच्या रात्री फुगड्या घालून गल्ली जागी ठेवणाऱ्या बाया कुणाच्या? तुमच्या सासूबाईही त्यांत असतील. मिस्टरांना हे वादात ऐकवू नका, एखाद्या निवांत संध्याकाळी त्यांच्या आईच्या आठवणी काढा.

शेजाऱ्यांच्या झोपेचा प्रश्न मात्र खरा आहे. मुंबईत एका हास्यक्लबच्या आवाजाची तक्रार हायकोर्टापर्यंत गेली होती. आधीच ओपन स्पेसभोवतीच्या घरांत जाऊन वेळ सांगा, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत नुसते श्वासाचे प्रकार ठेवा, माइक अजिबात नको.

जाऊबाईंबद्दल मी शेवटी लिहिते आहे, कारण इथे मला सगळ्यात जास्त थांबायचं आहे. त्या रात्र रात्र जागतात, एक वेळच जेवतात, घराबाहेर पडत नाहीत आणि "आते जगीसन काय करू?" असं म्हणतात, हे तुम्ही लिहिलंत. त्यांना हास्यक्लबात आणलं तर बऱ्या होतील का, असं तुम्ही विचारता. नाही ताई. वर्ष होत आलं तरी झोप नाही, अन्न नाही आणि जगायचं नाही अशी भाषा, हे डॉक्टरांचं काम आहे, आणि ते लवकर व्हायला हवं. त्यांच्याशेजारी बसून सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. मनात आधीच असेल, तर तो बोलायला वाट मिळते. "हो" म्हणाल्या, तर त्यांना एकटं सोडू नका, घरातल्यांना सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. धुळ्यात हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या नंबरावर दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. त्या स्वतः फोन करणार नसतील, तर तुम्ही करा आणि काय करावं ते विचारा. जायच्या दिवशी "तुम्हाला डॉक्टरकडे नेते" असं म्हणू नका, "झोप लागत नाही त्याचं औषध घेऊन येऊ, मी येते सोबत" एवढंच म्हणा.

मग राहिला तुमच्या हसण्याचा प्रश्न. जाऊबाईंनी तुम्हाला "हसू नका" असं म्हटलंय का? पत्रात तसं नाही. तो निर्णय तुम्हीच त्यांच्या वतीनं घेऊन टाकला आहे, आणि मग त्या निर्णयाच्या ओझ्यानं त्यांच्याकडे जाणंही कमी केलंत. त्यांना तुमच्या हसण्यापेक्षा तुमचं न येणं जास्त लागत असेल, हा विचार करून बघा. वर्ग सुरू करण्याआधी त्यांच्या घरी जाऊन स्वतः सांगा, कुणाकडून कळायला नको: "सकाळी आम्ही काहीजणी जमणार आहोत, हसायचे व्यायाम करणार आहोत. तुम्हाला त्रास होईल का?" त्या "होईल" म्हणाल्या, तर ओपन स्पेसऐवजी पांझरा नदीच्या काठी जागा बघा. वर्षश्राद्ध जवळ आलंय, ते होऊन जाऊ द्या. पुढेही कॉलनीत कुणाकडे दुःख झालं, तर तेरावं होईपर्यंत हसणं बंद ठेवा, त्या वेळेत सगळ्या मिळून त्या घरी जाऊन बसा. तोही क्लबच आहे.

जाऊबाईंना बोलावणं एकदाच करा, तेही नुसतं चालायला येण्याचं. "हसून मोकळ्या व्हा" असं त्यांना कुणी म्हणणार नाही, याची जबाबदारी तुमची. पुढेमागे त्या आपणहून आल्या, तर पहिल्या रांगेत घेऊ नका, वर्तुळात ओढू नका. मागे, तुमच्या एखाद्या समजूतदार मैत्रिणीशेजारी उभं राहू द्या. त्या नुसत्या टाळ्या वाजवतील, नाहीतर तेही करणार नाहीत. अशा वर्गांत हसता हसता रडू कोसळणं नेहमीचं आहे, आणि ते जाऊबाईंचंच असेल असं नाही. तसं झालं तर वर्ग थांबवून सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळवू नका. त्या मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा, की तिनं तिच्याजवळ बसायचं, पाणी द्यायचं, काही विचारायचं नाही, आणि तुम्ही बाकीच्यांचे दीर्घ श्वास सुरू करायचे.